बेसन म्हणजे पीठ नव्हे

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात, त्वरिता देवीचं ठाणं असलेल्या तलवाडा गावात, ‘बेसन’ या शब्दाचा पहिला अर्थ शिजलेलं कालवण असा आहे. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ फोडणीच्या पाण्यात रटरट शिजवलं की जे होतं ते बेसन. पुण्या-मुंबईकडे त्याला पिठलं म्हणतात आणि बेसन म्हणतात ते डब्यातल्या कोरड्या पिठाला. तलवाड्यात डब्यातल्या पिठाला ‘डाळीचं पीठ’ असं नाव आहे. त्यामुळे ‘रात्री बेसन खाल्लं’ हे वाक्य तलवाड्यात साधी जेवणाची वर्दी ठरतं. पुण्यात तेच ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याच्या प्रकृतीची काळजी वाटते.

हा फरक एकट्या तलवाड्याचा नाही. मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी बेसन म्हणजे ताटातलंच. ‘आज कोरड्यास काय केलं?’ असं शेजारणीनं विचारलं आणि ‘बेसन’ असं उत्तर मिळालं, की पुढे प्रश्न येत नाही. कोरड्यास म्हणजे भाकरीबरोबर खायचं जे काही ओलं असेल ते. नावात कोरडं आणि वाटीत ओलं, याबद्दल कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. ज्या मुलखात ओल्या पदार्थाला कोरड्यास म्हणतात तिथे शिजलेल्या पदार्थाला पीठ म्हटलं, तर फारसं बिघडत नाही.

एरवी मराठी भाषा कच्चं आणि शिजलेलं यांच्यात फार काटेकोर फरक करते. तांदूळ शिजला की भात होतो, डाळ शिजली की वरण होतं, रव्याचा सांजा किंवा शिरा होतो. हिंदीतला चावल शेतकऱ्याच्या पोत्यापासून जेवणाऱ्याच्या ताटापर्यंत चावलच राहतो. मराठी माणूस मात्र ‘दोन घास तांदूळ खाल्ले’ असं कधी म्हणत नाही. खाल्लेच असतील तर लग्नाच्या दिवशी पाऊस पडेल, अशी भीती लहानपणीच घातलेली असते. असा हा काटेकोरपणा हरभऱ्याच्या पिठापाशी येऊन गळून पडतो. ज्वारीच्या पिठाला शिजल्यावर भाकरी हे नवं नाव मिळतं, गव्हाच्या पिठाला पोळी मिळते; डाळीच्या पिठाला आयुष्यभर पीठच म्हणवून घ्यावं लागतं.

पुरावा महाराष्ट्रभर पसरलेला आहे. मराठवाड्यातलं ‘बेसन’ म्हणजे संस्कृत कोशांतलं ‘वेसन’, अर्थ पीठच. विदर्भात याच पदार्थाला ‘चून’ म्हणतात. तो शब्द ‘चूर्ण’वरून आला, म्हणजे पुन्हा पीठच. कोकणात आणि गोव्यात हरभऱ्याऐवजी कुळीथ येतो आणि पदार्थ होतो ‘कुळथाची पिठी’. तिथेच मोदकाच्या उकडीसाठी लागते ती ‘तांदळाची पिठी’, आणि ती मात्र कोरडी असते. पश्चिम महाराष्ट्रातल्या ‘पिठलं’ या नावानं त्यातल्या त्यात कष्ट घेतले आहेत. पीठ या शब्दाला त्यानं शेपूट जोडलं आणि आपण शिजलो असल्याची निदान नोंद तरी केली.

विदर्भातल्या ‘चून’ची आणखी एक अडचण आहे. याच ‘चूर्ण’ शब्दापासून ‘चुना’ही निघाला. एकाच आईची ही दोन लेकरं. एक भाकरीला लागलं, दुसरं तंबाखूला. विदर्भाबाहेरच्या पाहुण्याला पहिल्यांदा ‘चून खाता का?’ असं विचारलं, की तो चपापून नकार देतो. मग त्याच्यासमोर लसणाच्या फोडणीची वाफाळती कढई येते आणि नकार मागे घ्यायचा कसा, हा प्रश्न उभा राहतो.

या सगळ्या गोतावळ्यात पिठाशी उघड नातं न सांगणारं नाव एकच, ‘झुणका’. ते उत्तर कर्नाटकातही चालतं. झुणका कोरडा असतो, मोकळा असतो आणि पिठल्याचा थोरला भाऊ असल्यासारखा वागतो. व्याकरणानं इथे आपल्या परीनं मदत केलेली आहे. घट्ट, ताठ राहणारा तो झुणका पुल्लिंगी. वाटीत डोलणारी ती पिठी स्त्रीलिंगी. आणि घट्ट व्हायचं की पातळ, हे करणारीच्या हातावर सोपवणारं ते पिठलं नपुंसकलिंगी. बेसन आणि चूनही नपुंसकलिंगीच. शाळेत लिंगविचार शिकवताना ही उदाहरणं घेतली तर मुलांच्या लक्षात राहतील. फक्त तास मधल्या सुट्टीच्या आधीचा नसावा.

बेसन हा शब्द तलवाड्यातही पिठाच्या अर्थानं अजिबात ऐकू येत नाही, असं नाही. किराणा दुकानातल्या पाकिटावर ठळक अक्षरांत ‘बेसन’च छापलेलं असतं आणि दिवाळीत ‘बेसनाचे लाडू’ होतात. म्हणजे एकाच गावात हा शब्द तीन ठिकाणी राहतो: पाकिटात, कढईत आणि लाडवाच्या डब्यात. तरीही घोटाळा होत नाही, कारण क्रियापद पहारा देतं. बेसन ‘भाजलं’ म्हणजे लाडू होणार. बेसन ‘हाटलं’ म्हणजे जेवायला बसायचं. बेसन ‘भिजवलं’ म्हणजे भजी होणार आणि घरातली माणसं आपोआप चुलीच्या आसपास घोटाळू लागणार. ‘बेसन आण’ एवढंच म्हटलं तर मात्र संदर्भ पाहावा लागतो. सांगणाऱ्यानं हातात पैसे दिले तर दुकानात जायचं. हातात वाटी दिली तर शेजारी.

करण्याच्या पद्धतीतही शब्दांचा फरक आहे. एका पद्धतीत पीठ आधी गार पाण्यात कालवून घेतात आणि ते फोडणीत ओततात. हे पिठलं गुळगुळीत होतं, सासूला दाखवण्याजोगं होतं. दुसऱ्या पद्धतीत फोडणीचं पाणी खळखळ उकळू लागलं की एका हातानं कोरडं पीठ पेरत जायचं आणि दुसऱ्या हातानं हाटत राहायचं. पीठ असं पेरण्याला काही ठिकाणी ‘वैरणे’ म्हणतात. या पद्धतीत गाठी होण्याचा धोका असतो आणि धोका बहुतेक वेळा खरा ठरतो. नवी सून असेल तर त्या गाठींना ‘गाठी’ म्हणतात. वीस वर्षं संसार झालेली बाई असेल तर तेच ‘गाठीचं पिठलं’ होतं आणि ते मुद्दाम तसं केलेलं असतं.

फोडणीत तेल, मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, कांदा, हळद आणि हिरवी मिरची किंवा चटणी. चटणी म्हणजे इथे लाल तिखट. शहरातल्या माणसाला चटणी म्हटलं की नारळ आणि कोथिंबीर आठवते, हा आणखी एक वेगळा वाद आहे. मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात अमेरिकेकडून इकडे आली. त्याआधीच्या काळात हे पीठ कशाच्या जोरावर घशाखाली उतरत असेल, याची कल्पना मराठवाड्यातल्या माणसाला करवत नाही. पाण्याचं आणि पिठाचं प्रमाण मात्र कुणी लिहून ठेवलेलं नसतं. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याचं माप घरोघर गेलं. बेसनाचं माप तरीही मूठच राहिलं, आणि मूठ कुणाची यावर घरातली चव ठरली.

बेसन शिजत असताना त्याच्याजवळ उभं राहण्याचं एक शास्त्र आहे. सुरुवातीला ते नुसतं खदखदतं. दाट होऊ लागलं की पृष्ठभागावर फुगे येतात, फुगे फुटतात आणि फुटताना एखादा थेंब थेट मनगटावर येऊन बसतो. हा थेंब चिकटतो, झटकला तरी जात नाही आणि चटका देऊनच गार होतो. म्हणून जाणती बाई झाकण ढालीसारखं धरून हाटते. पाच-सात मिनिटांत वाफ बसते, कच्च्या पिठाचा वास जातो आणि कढईच्या तळाशी खरवड धरते. ही तांबूस, कुरकुरीत, किंचित करपलेली खरवड उलथन्यानं काढावी लागते आणि तिच्यावरून घरात जितकी भांडणं होतात तितकी मूळ पदार्थावरून होत नाहीत. खरवड लोखंडी कढईतच नीट धरते. नॉनस्टिक भांडं घरात आलं तेव्हा सर्वांत आधी आवाज उठवला तो खरवड खाणाऱ्यांनी.

खाण्याची पद्धत घनतेवर ठरते. घट्ट बेसन भाकरीवरच वाढून हातात घेता येतं आणि बांधावर बसून खाता येतं. पातळ बेसन ताटात पळतं, त्याला अडवायला भाकरीचा बांध घालावा लागतो. जाणकार आधी बांध घालतात आणि मग वाढायला सांगतात. नवखे आधी वाढून घेतात आणि मग ताट कलतं करून बसतात. बेसनात मधोमध बोटानं आळं करून त्यात कच्चं तेल सोडणं ही मराठवाड्याची खास रीत. करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल असेल तर वासच पुरेसा होतो. सोबत कांदा, तोही सुरीनं कापलेला नव्हे, बुक्कीनं फोडलेला. कांदा चकत्या करून आला की समजावं, घरात कुणीतरी शहरात शिकून आलेलं आहे.

शब्दाचा अर्थ कळला तरी त्याचा वापर कळायला वेळ लागतो. ‘घरात काहीच नाही, बेसन-भाकर करते’ हे वाक्य घ्यावं. यात घरात काहीच नाही हे खरं नसतं. भाजी आणायला कुणी गेलं नाही एवढंच खरं असतं. हरभऱ्याचं पीठ हे काहीतरी आहे, असं या वाक्यात मानलेलंच नाही. त्वरिता या देवीच्या नावातच तत्परता आहे. तिच्या गावात तेवढ्याच तत्परतेनं होणारं जेवण म्हणजे बेसन. रात्री उशिरा दाराशी माणूस आलं, एस. टी. चुकली, पावसानं अडकून पडलं, की पहिला हात पिठाच्या डब्याकडे जातो.

पाहुण्यानं वापरायचं वाक्य वेगळं आहे: ‘काही करत बसू नका वहिनी, नुसतं बेसन टाका.’ हे पाहुण्यानं म्हणायचं असतं आणि यजमानानं ऐकायचं नसतं. पाहुणा खरंच बेसन खाऊन गेला तर वहिनींना वर्षभर रुखरुख लागते. याच्या उलट, यजमानानं पाहुण्याला न विचारता बेसन वाढलं तर त्याचे दोन अर्थ होतात. पाहुणा रोजचा असेल तर तो घरचा झाला; वर्षाकाठी येणारा असेल तर त्यानं काय ते समजून घ्यावं. जावई या नियमाच्या बाहेर आहे. त्याच्या ताटात पहिल्या काही वर्षांत बेसन येत नाही आणि अधिक महिन्यात धोंडे खायला बोलावलं असताना तर येण्याची शक्यताच नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली आणि सासूबाईंनी विचारलं, ‘जावईबापू, आज बेसनच केलंय, चालंल ना?’ की जावयानं ओळखावं, आपला मुलगा झाला. काही जावई हा क्षण मानाचा समजतात, काही नुकसानीचा.

बेसनाला मंगलकार्यात प्रवेश नाही, त्यालाही कारण आहे. ज्या घरात मृत्यू झाला तिथे त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी किंवा सोयरे जेवण घेऊन येतात. त्याला ‘कडू घास’ म्हणतात. त्यात बहुतेक वेळा पिठलं-भाकरीच असते. फोडणी साधी, चव बेताची, आग्रह करणाऱ्याचा आवाजही खालचा. म्हणून लग्नाच्या पंगतीत, साखरपुड्यात, बारशात पिठलं वाढायला माणसं कचरतात. गंमत अशी की डाळीच्या पिठाला कार्यात मज्जाव मुळीच नाही. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला त्याच पिठाची भजी चालतात, तेच पीठ कढीला लागतं, लाडू तर देवापुढे मानानं बसतात. तेच पीठ तेलात गेलं, तुपात गेलं की सोवळ्यात येतं. पाण्यात शिजलं की त्याला मागच्या दारानं यावं लागतं.

तलवाड्याच्या परिसरात बेसनाचा सर्वांत मोठा आधार ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांना आहे. बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास मजुरांच्या टोळ्या मुकादमाकडून उचल घेऊन निघतात आणि हंगाम संपेपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कोप्या करून राहतात. पहाटे अंधारात भाकरी थापायच्या, फडात जायचं, रात्री गाडी भरून परतायचं. अशा दिवसात भाजी निवडायला, चिरायला वेळ कुठला? पीठ नासत नाही, जड नसतं आणि दहा मिनिटांत कोरड्यास तयार होतं. तीन दगडांच्या चुलीवर, उसाच्या पाचटाचा जाळ लावूनही ते शिजतं. बेसन आवडतं की नाही, हा प्रश्न कोपीत कुणी विचारत नाही.

या टोळ्यांबरोबर शब्दही प्रवास करतो. कोल्हापूर-सांगलीकडच्या शेतकरणीनं ‘काय जेवला?’ म्हणून विचारलं आणि कोपीतल्या बाईनं ‘बेसन’ सांगितलं, की शेतकरीण चमकते आणि घरून भाजी पाठवू का म्हणते. दोन दिवसांनी तिला कळतं की हा आपलाच झुणका, थोडा पातळ. पुढल्या हंगामात दोघी एकमेकींचा शब्द वापरू लागतात. कोपीतली बाई ‘झुणका’ म्हणते, शेतकरीण ‘बेसन’ म्हणते आणि पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगावं लागतं.

या नावांपैकी एकाला राजमान्यता मिळाली ती १९९५ साली. त्या वर्षी सत्तेवर आलेल्या शिवसेना-भाजप युतीच्या सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना आणली आणि शहरांतल्या चौकाचौकांत झुणका-भाकर केंद्रं उभी राहिली. योजनेला ‘पिठलं-भाकर’ किंवा ‘बेसन-भाकर’ असं नाव का दिलं नाही, याचं उत्तर खाणाऱ्याला सहज सापडतं: झुणका कागदात बांधता येतो, पिठलं विजारीवर सांडतं. पुढे सरकार बदललं, योजना गुंडाळली गेली आणि कित्येक केंद्रांत वडापाव, चहा आणि चायनीज मिळू लागलं. पाट्यांवर ‘झुणका-भाकर’ मात्र बरीच वर्षं टिकून राहिलं. पाटीवर विसंबून झुणका मागणाऱ्याला आतून नूडल्सच्या कढईचा खणखणाट ऐकू यायचा. पंचवीस वर्षांनी, २६ जानेवारी २०२० रोजी, दुसऱ्या सरकारनं दहा रुपयांत ‘शिवभोजन’ थाळी सुरू केली. तिच्यात चपाती, भाजी, वरण, भात असा सरळ हिशेब होता आणि पिठाचं कुठलंच नाव घेण्याचा धोका पत्करलेला नव्हता.

आता हाच पदार्थ महाग झाला आहे. सिंहगडावर पिठलं-भाकरी खाल्ल्याशिवाय चढण पूर्ण झाल्यासारखं पुणेकरांना वाटत नाही. गेवराईवरून जाणाऱ्या धुळे-सोलापूर महामार्गावरच्या ढाब्यांतही शेवभाजीच्या आणि काजू करीच्या यादीत पिठलं-भाकरी येऊन बसली आहे. पाटीवर ‘चुलीवरचं’ हे विशेषण जोडलं की भाव वाढतो, आणि चूल गिऱ्हाइकाला दिसेल अशी पुढे मांडली की आणखी वाढतो. पाटीवर बहुधा ‘पिठलं’ लिहिलेलं असतं, कारण गाड्या थांबवणारी माणसं बाहेरची असतात. गावातलं गिऱ्हाईक पाटीकडे न बघता ‘बेसन आहे का?’ असं विचारतं. वेटर ‘आहे’ म्हणतो, आत जाऊन ‘एक पिठलं’ अशी आरोळी देतो आणि आतला आचारी, तो परभणीकडचा असला तर, ‘बेसन झालं’ म्हणून कढई उतरवतो. बिलावर मात्र झुणका लागतो, कारण यंत्रात तेवढंच नाव भरलेलं असतं.

बाहेरून येणाऱ्यानं एवढं ध्यानात ठेवलं की पुरे. पुण्यात, साताऱ्यात पिठलं मागावं. घट्ट हवं असेल तर झुणका म्हणावं. नागपूर-अमरावतीकडे चून म्हणावं आणि शेवटचा स्वर लांबवून चुना होऊ देऊ नये. कोकणात कुळथाची पिठी मागावी आणि सोबत भाकरीऐवजी भात आला तर हरकत घेऊ नये. तलवाड्यात बेसन म्हणावं, लाडू हवे असतील तर मात्र ‘लाडू’ हा शब्द गाळू नये. कुठलंही नाव आठवलं नाही तर ‘डाळीच्या पिठाचं काहीतरी करा’ असं सांगितलं तरी चालतं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात या वाक्याचा एकच अर्थ होतो. फक्त त्यानंतर ‘पातळ की घट्ट?’ या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवावं लागतं.